भार पडल्यावरच आवळावे

मराठीत बैलगाडी अजून चालते आहे. संसाराचा गाडा आपण ओढतो, कार्याची धुरा खांद्यावर घेतो, परंपरेचे जोखड झुगारतो. धुरा म्हणजे गाडीचा नेमका कोणता भाग, असे विचारले तर आमच्या वसईच्या वर्गात एकही हात वर होत नाही. या मुलांच्या दारात मोटारी उभ्या असतात. पण मोटारीच्या शब्दांपैकी ब्रेक, गिअर, पंक्चर असे मोजकेच मराठी बोलण्याच्या वळणात रुळले. ज्या भागांवर गाडीचा भार असतो, त्यांना साहित्यात जागा मिळालेली नाही. आणि या उपेक्षेत आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचाही हात आहे.

आम्हा दोघा सहकाऱ्यांत मिळून एक ओम्नी आहे. मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली, १९८८मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९मध्ये तिचे उत्पादन थांबले. आमची गाडी २००६ची. विरार-वसई रस्त्यावरचा पावसाळा संपला तेव्हा प्रत्येक खड्ड्यागणिक डाव्या चाकाखालून 'खट्' असा आवाज येऊ लागला. दिवाळीच्या सुट्टीत, सोसायटीच्या आवारात, हे काम आपणच करायचे असे आम्ही ठरवले.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, जॅकवर भरवसा न ठेवता खाली घोडे लावले आणि चाक वर-खाली धरून हलवले. बॉल जॉइंट खिळखिळा झाला होता. लोअर आर्मच्या दुसऱ्या टोकाचा रबरी बुश चिरला होता. शॉकअपभोवतीची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. योग्य हत्याराशिवाय तिचा वरचा नट उघडणे म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून तिला हात लावला नाही. खाऱ्या हवेने गंजलेल्या बोल्टांनी दुपार खाल्ली. नवा आर्म बसवून आम्ही बोल्ट आवळू लागलो आणि मनात शंका आली.

तेव्हा एका विद्यार्थ्याची आठवण झाली. आदल्या वर्षी त्याने 'माझ्या वडिलांचा व्यवसाय' या विषयावर निबंध लिहिला होता. वडिलांचे नालासोपाऱ्यात छोटे गॅरेज. 'बुश मेला', 'आर्मला प्ले आला', 'गाडी घोड्यावर घेतली' अशी त्याची वाक्ये. आम्ही लाल शाईने शेरा दिला होता : 'इंग्रजी शब्दांचा अतिरेक, भाषा प्रमाण नाही.' गुणही कापले होते.

त्याच्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "सर, बोल्ट आत्ता पक्के करू नका. गाडी खाली उतरू द्या, वजन पडू द्या, मग आवळा. नाहीतर बुशचा रबर पिळलेलाच राहील आणि लवकर फाटेल."

यापेक्षा स्वच्छ मराठी वाक्ये त्या वर्षी आमच्या कानी पडली नाहीत. 'सस्पेन्शन'ला 'निलंबन' म्हटले की डोळ्यांसमोर घरी बसवलेला कारकून येतो, चाक येत नाही. परिभाषा घडवू नये, असे आमचे म्हणणे नाही. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, ते मोठेच काम होते. तरीही जमीन, फौज, दप्तर हे शब्द टिकले, कारण रोजच्या व्यवहाराचे वजन त्यांच्यावर होते. टेबलावर बसून घडवलेला शब्द पुष्कळदा अधांतरी आवळलेल्या बोल्टासारखा असतो.

कुणी म्हणेल, अशाने प्रमाणभाषा ढासळेल. आम्हाला उलट भीती वाटते. वडिलांच्या कामाचे शब्द खोडले जातात, तेव्हा तो मुलगा प्रमाणभाषा शिकत नाही. आपले घर मराठीच्या बाहेर आहे, एवढेच शिकतो. पुढच्या वेळी तो 'माझा आवडता ऋतू' लिहितो आणि आम्ही त्याला चांगले गुण देतो.

गाडी उतरवली, बोल्ट आवळले, दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट करून घेतले. आवाज थांबला. कापलेले गुण आता परत देता येत नाहीत. आम्ही त्या विद्यार्थ्याची परवानगी मागून त्याचा निबंध यंदाच्या वर्गात वाचला, आणि प्रत्येकाला घरच्या कामातले दहा शब्द अर्थासह लिहून आणायला सांगितले. पहिल्या आठवड्यात आलेल्या शब्दांपैकी निम्म्यांचे अर्थ आम्हाला विचारून घ्यावे लागले.