किल्ली कुणाच्या खिशात?

सध्या पोस्टिंग कोलकात्याला आहे. इथल्या सॉल्ट लेक भागात डाक खात्याने 2021 साली डिजिटल पार्सल लॉकर सुरू केले. पार्सल कप्प्यात ठेवलं जातं, मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकला की कप्पा उघडतो. दिवसभर कामावर असणाऱ्याची मोठी सोय. आपल्याकडच्या काही सोसायट्यांच्या पार्किंगमध्येही आता अशी कपाटं दिसतात. माझा त्यांना विरोध नाही. पण फौजी घरांच्या वतीने एक तक्रार आहे.

मागच्या पोस्टिंगला मी अरुणाचलात होतो. घरी आबा एकटेच. तेही फौजेतूनच निवृत्त, वय शहात्तर. त्यांच्या गुडघ्यासाठी मी ऑनलाइन पट्टा मागवला. पार्सल सोसायटीच्या लॉकरमध्ये आलं आणि ओटीपी आला माझ्या फोनवर. मी तेव्हा चार दिवस वरच्या पोस्टवर, नेटवर्कचा पत्ता नाही. आबा दोनदा जिना उतरून कपाटासमोर उभे राहिले. वॉचमन म्हणाला, "कोड सांगा." तीन दिवसांची मुदत संपली, पट्टा परत गेला. खाली आल्यावर फोन लावला तर आबा एवढंच म्हणाले, "कपाट माझ्या दारात, पार्सल माझ्यासाठी, आणि किल्ली तुझ्या खिशात. ही कसली ड्यूटी लावलीस रे?"

आपली फौजी डाक आठवा. नंबर, नाव, युनिट आणि केअर ऑफ 99 एपीओ. पूर्वेकडची डाक इथल्या कोलकात्याच्या बेस पोस्ट ऑफिसातून फील्ड पोस्ट ऑफिसला जाते, तिथून युनिटचा जवान ती घेऊन येतो. मी गस्तीवर असताना घरून आलेला लाडवांचा डबा कंपनीतल्या जोडीदाराने सही करून घेतला आणि तीन आठवडे खाटेखाली सांभाळला. लाडवांचा भुगा झाला होता, पण डबा मिळाला. माझ्या वतीने घेणारा कुणीतरी तिथे होता म्हणून मिळाला.

लॉकरमध्येही एवढी सोय हवी. ओटीपी दोन नंबरांवर जावा, मागवणाऱ्याच्या आणि घरातल्या माणसाच्या. स्क्रीनवर मराठी असावी. म्हाताऱ्या माणसांची पार्सलं खालच्या कप्प्यात ठेवावीत. कळवल्यास मुदत वाढावी. आणि फोन नसेल तर ओळखपत्र पाहून, वहीत सही घेऊन पार्सल देण्याची मुभा सोसायटीच्या ऑफिसला असावी. चोरीची भीती आहे हे मान्य. पण सही घेऊन वस्तू देणं आपल्या स्टोअरमध्ये रोजच चालतं.

सोसायटीच्या सभेत हे विषय आपल्या निवृत्त मंडळींनीच मांडावेत. तुमचं ऐकतात. आणि जे अजून नोकरीत आहेत त्यांनी बॉर्डरवर निघण्याआधी एक काम करावं. ऑर्डरच्या पत्त्यासोबत घरच्या माणसाचा नंबर टाकावा आणि सुट्टीत त्याला एकदा कपाटासमोर नेऊन स्वतःच्या हाताने कप्पा उघडायला लावावा.

मी तेच केलं. आता कोड आबांच्या फोनवर येतो. ते तो पेनाने तळहातावर लिहितात आणि खाली जातात. गुडघ्याचा पट्टा दुसऱ्यांदा मागवला, तो त्यांनी स्वतः काढून आणला.