स्लॅबची धग आणि बिडी वळणारीचे घर

एप्रिल लागला की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, सकाळी अंग ठणकतं, डोकं जड राहतं." रक्तदाब पाहावा, रक्त तपासावे, तर विशेष काही सापडत नाही. मग मी विचारतो, घर कोणत्या मजल्यावर? उत्तर बहुधा ठरलेले. सर्वांत वरच्या, नाहीतर पत्र्याचे. अशा वेळी झोपेची गोळी लिहून देणे मला पटत नाही. दुखणे छताचे आहे.

कष्टकऱ्यांच्या घरांबाबत आपल्या सोलापूरचे नाव मोठे आहे. कुंभारीला बिडी कामगार महिलांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तेथील घरे देण्यात आली. त्यानंतर रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातील १५ हजार घरांचे लोकार्पण केले. भाड्याच्या खोलीतून हक्काच्या घरात जाणे ही लहान गोष्ट नव्हे. पण कोणत्याही घरकुल योजनेबद्दल डॉक्टर म्हणून मला एक प्रश्न पडतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या घरात बसवते का?

बिडी वळणाऱ्या बाईचे घर हाच तिचा कारखाना असतो. पान आणि तंबाखू घरी आणायची, दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसायचे. मजुरी हजार बिड्यांवर. पंखा जोरात लावला की तंबाखू उडते, भिजवलेले पान वाळते. म्हणजे पारा चाळिशीपार गेला तरी पंखा बंद. वीज वाचवा असा उपदेश तिला कोणी करू नये! दुपारी घेरी येऊन ती तासभर आडवी झाली, तर तेवढ्या बिड्या कमी भरतात.

काँक्रीटचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवण्याची गरज असते. ती उसंत मिळाली नाही की म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले आधी कोलमडतात. आपल्या जुन्या माळवदाखाली दुपारी गारवा असे, तो जाड मातीमुळे. (माळवद गळायचे, दरवर्षी माती टाकावी लागायची, हेही मी विसरलेलो नाही.)

तोच गारवा आज स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून मिळू शकतो. हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंती आणि समोरासमोर खिडक्या असाव्यात. पश्चिमेचे ऊन बाहेरूनच अडवावे. आतल्या पडद्याचा उपयोग थोडा. केंद्राच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत छतातून आणि भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालून दिली आहे. हे सारे बांधतानाच केले तर खर्च कमी येतो. नंतर तो भार कुटुंबावर पडतो. म्हणून छताचा हा थर घरकुलाच्या अंदाजपत्रकातच धरावा, शोभेची कमान वाटल्यास वगळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

घर आधीच बांधून झाले असेल तर चुना आहे. मे २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देणे सुरू केले. त्याने खोली काही अंशांनी निवते. मार्च संपण्यापूर्वी गच्ची झाडून, धुऊन वाळू द्यावी आणि चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना कालवताना डोळे जपावेत, मुलांना जवळ येऊ देऊ नये. पावसाने तो धुपतो, तेव्हा पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा लागतो. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला हा खर्च एकट्याने करायला लावू नका. गच्ची सगळ्यांची आहे.