फुलांमुलांच्या कवीचे पाप

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) म्हणजे ‘फुलांमुलांचे कवी’, एवढे लिहून आमचे विद्यार्थी गुण मिळवतात आणि आम्हीही ते मुकाट्याने देतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला आणि पुढचे सारे आयुष्य ख्रिस्ताच्या चरणी वाहिलेला हा माणूस स्वतःला पापी का म्हणत होता, हा प्रश्न मात्र वर्गात निघत नाही. निघालाच, तर उत्तर तयार असते. मध्यंतरी एका चर्चासत्रात आम्ही ते पुन्हा ऐकले. पापाची ही जाणीव परकी आहे, मिशनऱ्यांनी लादलेली आहे. आणि शिवाय आपल्या संतांत ती आधीपासून आहेच! जे आधीपासून घरात आहे ते परके कसे, हे वक्त्यांनी सांगितले नाही. टाळ्या दोन्ही विधानांना पडल्या.

आम्ही पिंगळीचे. जनाबाईचे गंगाखेड आमच्या जिल्ह्यातले. भक्त स्वतःला पतित म्हणवतो आणि त्याच आधाराने पतितपावनावर हक्क सांगतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. देव जनीसोबत दळायला बसतो, या सलगीपुढे आम्हीही नतमस्तक आहोत. पण म्हणून दाविदाची कथा तीच होत नाही.

ती कथा मराठीच्या प्राध्यापकांनी तरी वाचावी. राजाने उरियाची बायको घेतली, त्याला लढाईच्या ऐन तोंडावर ठेवून मरू दिले आणि तो निश्चिंत झाला. देवाने धाडलेला नाथान संदेष्टा येतो. आरोप करीत नाही, गोष्ट सांगतो. एका गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापतो, मरणाची शिक्षा बोलतो. मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. यात पाप उघडे पडते, पण त्याआधी अभिमान उघडा पडतो: दुसऱ्याचा न्याय करताना राजा स्वतःला किती निर्मळ समजत होता! मनुष्य आत डोकावून आपले पाप शोधू शकत नाही, कारण शोधणारी नजरच गर्वाने अंधारलेली असते. ते बाहेरून, देवाकडून दाखवले जावे लागते, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे. मंदिरात प्रार्थना करणाऱ्या परूशाचा दाखलाही हेच सांगतो. त्याचे दोष मोजायला गेलात तर सापडत नाहीत. पुण्य मोजणे हाच त्याचा दोष.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर अधिक बोचरे. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत शारदा सदन. विद्वत्ता, त्याग, समाजकार्य, काय कमी होते? तरीही १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, ख्रिस्त नव्हे. आणि आपण पापी आहोत हे बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी उमगले. सुधारणेच्या इतिहासात हे वाक्य अडचणीचे, म्हणून आपले समीक्षक ते वळसा घालून टाळतात. स्त्रीमुक्तीच्या अग्रणीने स्वतःच्या पुण्याईवरच शंका घ्यावी, हे आम्हा पुरोगाम्यांना झेपत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी हेच हसत हसत केले. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या अडल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे सोवळे सुटले. ‘स्मृतिचित्रे’तला तो भाग आम्ही विनोद म्हणून शिकवतो. तो कबुलीजबाबही आहे, हे सांगत नाही.

गर्व फक्त आमच्याकडे आणि नम्रता चर्चमध्ये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ख्रिस्ती झाल्यावरही जात पुसली गेली नाही, हे मराठवाड्यात कोणालाही विचारा. १९१७ साली टिळक मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारायला निघाले, त्यामागे चर्चच्या परकेपणाबद्दलची त्यांची अस्वस्थता होती. नाथानाने गोष्ट सांगितली तीही परक्या राजाला नव्हे, आपल्याच राजाला.

यंदाच्या घटक चाचणीत आम्ही टिळकांवरचा जुना प्रश्न बदलला. फुले काढली, पाप घातले. विभागातल्या एका ज्येष्ठांनी विचारले, ‘‘हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा नाही का?’’