बालगंधर्वांच्या भूमीला धडे कोण देणार?

'विश्वाची राणी' कोण, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? प्रश्न वरवर विनोदी वाटेल. परंतु तो खरोखरच जगापुढे मांडला गेला आणि त्याचे उत्तरही परस्पर देण्यात आले. डिसेंबर २०२१ मध्ये 'पॅरामाउंट प्लस' या अमेरिकी प्रक्षेपण सेवेने 'क्वीन ऑफ द युनिव्हर्स' या नावाची गायनस्पर्धा सुरू केली. भडक स्त्रीवेश धारण करून रंगमंचावर येणाऱ्या, पाश्चात्त्य परिभाषेत 'ड्रॅग क्वीन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलावंतांची ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा. दहा देशांतील चौदा स्पर्धक, अडीच लाख डॉलरचे पारितोषिक आणि ब्रिटिश दूरचित्रवाणीवर नावारूपाला आलेले आयरिश सूत्रसंचालक ग्रॅहम नॉर्टन असा सारा थाट होता. ब्राझीलची ग्रॅग क्वीन विजयी झाली.

या स्पर्धेत भारताचेही नाव होते. मुंबईचे सुशांत दिवगीकर हे 'राणी कोहिनूर' या नावाने तेथे उभे राहिले. २०१८ साली 'सारेगमप' या हिंदी कार्यक्रमात स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही आवाजांत गाऊन त्यांनी श्रोत्यांना चकित केले होते. त्यांच्या गळ्याविषयी आमची काहीही तक्रार नाही. उलट, केवळ ओठ हलवून टाळ्या मिळविण्याची जी रीत या प्रकारात रूढ आहे, ती येथे नव्हती. प्रत्येकाला प्रत्यक्ष गावे लागत होते, हे मान्य केलेच पाहिजे. आमचा आक्षेप गाणाऱ्यांवर नाही. आक्षेप आहे तो गाऊन घेणाऱ्यांवर आणि त्याहून अधिक, हे पाहून 'अखेर भारतही सुधारला' म्हणून धन्यता मानणाऱ्या आपल्याकडील तथाकथित पुरोगामी मंडळींवर.

प्रथम 'विश्व' या शब्दाचा अर्थ पाहू. पहिल्या पर्वात परीक्षकांच्या चार खुर्च्या होत्या. व्हनेसा विल्यम्स, मिशेल व्हिसाज आणि ट्रिक्सी मॅटेल हे तिघे अमेरिकेचे. चौथ्या लिओना लुईस ब्रिटनच्या. दुसऱ्या पर्वात लुईस यांच्या जागी मेल बी आल्या, त्याही ब्रिटनच्याच! आशिया नाही, आफ्रिका नाही, लॅटिन अमेरिका नाही. स्पर्धक चीनपासून ब्राझीलपर्यंत कोठूनही यावेत, मात्र त्यांच्या सुरांचे मोजमाप न्यूयॉर्क आणि लंडनच्या तराजूतच व्हावे, असा हा 'वैश्विक' न्याय आहे. ज्या देशात सामवेदापासून स्वरविचार सुरू झाला, त्या देशाचा गायक तेथे जातो तो रंगसंगतीत एक छटा वाढविण्यासाठी. आणि तो नाव कोणते धारण करतो? कोहिनूर! १८४९ साली पंजाब गिळंकृत करताना बाल दुलीपसिंगाकडून इंग्रजांनी जो हिरा हस्तगत केला, त्याचे हे नाव. कलावंताच्या मनात ते अभिमानाने आले असेल; परंतु इतिहासाचा उपरोध त्यात आपोआप उतरला आहे.

हा उपरोध येथेच संपत नाही. पश्चिमेच्या सांस्कृतिक दरबारातून आज आपल्याला सांगितले जाते की, लिंगभावाच्या बाबतीत भारतीय समाज मागासलेला आहे, त्याने उदारता शिकली पाहिजे. शिकविणाऱ्यांची वही जरा उघडून पाहू. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कुप्रसिद्ध कायदा केला. त्या कायद्याचा दुसरा भाग फारसा कोणाला ठाऊक नसतो. तो भाग तृतीयपंथीयांसाठी होता. सरकारने त्यांची नोंदवही ठेवावी. नोंद झालेल्या व्यक्तीने रस्त्यावर स्त्रीवेशात दिसू नये, सार्वजनिक ठिकाणी गाऊ-नाचू नये. तसे केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, अशी त्यातील तरतूद होती. म्हणजे शुभकार्याच्या प्रसंगी दारी येऊन आशीर्वाद देणाऱ्या, राजदरबारांत मान असणाऱ्या या वर्गाला गुन्हेगार ठरविले ते आपल्या धर्मशास्त्राने नव्हे, तर गोऱ्या साहेबाने. भारतीय दंडविधानातील ३७७ वे कलमही १८६० सालच्या त्याच साहेबाची देणगी. इंग्लंडने आपल्या घरचा तत्सम कायदा १९६७ मध्ये सैल केला. आपल्याकडे मात्र ते ओझे उतरण्यास सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८ चा निर्णय यावा लागला. ज्यांनी स्त्रीवेशातील गाणे हा गुन्हा ठरविला, त्यांच्याच संस्कृतीने आज त्याच गाण्याची स्पर्धा भरवावी आणि आपल्याला सहिष्णुतेचे प्रशस्तिपत्र द्यावे, याहून मोठा विनोद कोणता?

आता आपल्या घराकडे वळू. महाभारतातील विराटपर्व आठवा. अज्ञातवासात अर्जुन बृहन्नडेच्या रूपात राहतो, राजकन्या उत्तरेला गायन आणि नृत्य शिकवतो आणि वेळ येताच तोच रथावर चढून कौरवसेनेला धूळ चारतो. व्यासांना त्यात अर्जुनाची मानहानी दिसली नाही. ज्या परंपरेने अर्धनारीनटेश्वराची पूजा केली, मोहिनीरूप घेणाऱ्या विष्णूची कथा मंदिरांतून सांगितली, तिला स्त्री-पुरुष तत्त्वांच्या मीलनाविषयी परक्यांकडून काय शिकायचे आहे? कोकणात आणि गोव्यात जत्रेच्या रात्री आजही देवळाच्या प्रांगणात दशावताराचा खेळ उभा राहतो. राणीची भूमिका करणारा पुरुष स्वतःच्या हाताने रंग लावतो, लुगडे नेसतो आणि पहाटेपर्यंत पदे म्हणतो. गावातील आबालवृद्ध ते भक्तिभावाने पाहतात. कोणालाही त्यात क्रांती घडल्यासारखे वाटत नाही, कारण ती त्यांच्या रोजच्या जगण्याची रीत आहे.

आणि महाराष्ट्राने तर या कलेचा कळस पाहिला आहे. नारायण श्रीपाद राजहंस, लोकमान्यांनी ज्यांना 'बालगंधर्व' म्हटले, ते भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या भूमिका पाहून महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांतील स्त्रिया साडी कशी नेसावी, केसांची रचना कशी करावी, हे शिकत. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांच्या कन्येचा मृत्यू झाला. तरीही बालगंधर्व रंगमंचावर उभे राहिले आणि प्रेक्षकांना भामिनीच दिसली. शोकाकुल पिता दिसला नाही. दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, त्यांनी प्रतिस्पर्धी मंडळीचे केशवराव भोसले यांच्यासह 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. रंगमंचावरच्या त्या भामिनीने स्वराज्याच्या झोळीत दान टाकले!

या दोन दृश्यांतच खरा भेद सामावलेला आहे. आपल्या परंपरेत कलावंत स्वतःला विसरून भूमिकेत विलीन होतो. आजच्या स्पर्धांच्या बाजारात भूमिका हे निमित्त असते आणि विक्रीस ठेवला जातो तो खुद्द कलावंत. त्याचे बालपण, त्याची अवहेलना, त्याचे अश्रू हे सारे दोन गाण्यांच्या मध्ये कॅमेऱ्यापुढे मांडावे, असाच या कार्यक्रमांचा साचा असतो. बालगंधर्वांनी दुःख पडद्यामागे ठेवले. या साच्याला दुःखाचीच भूक असते. कला साधना राहिली नाही, ती ओळखपत्र झाली.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. 'तुमच्या बालगंधर्वांची परंपरा स्त्रियांना रंगमंचाची दारे बंद होती म्हणून जन्मली. तिचे कौतुक कशाला?' आक्षेपात तथ्य आहे. ती दारे बंद होती आणि ती उघडण्यासाठी हिराबाई बडोदेकरांसारख्या विदुषींना धैर्य दाखवावे लागले. परंतु एखादी परंपरा ज्या कारणाने जन्मते त्या कारणातच संपते असे नाही. दारे उघडल्यानंतरही या देशाने त्या कलेचा सन्मान केला. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळाले. कुचिपुडीत सत्यभामा साकारणारे वेदांतम् सत्यनारायण शर्मा १९७० मध्ये पद्मश्री झाले. गुजराती रंगभूमीवरील जयशंकर 'सुंदरी' १९७१ मध्ये पद्मभूषण झाले. पुण्यात १९६८ पासून उभे असलेले बालगंधर्व रंगमंदिर कोणा परदेशी वाहिनीच्या मान्यतेची वाट पाहत थांबले नव्हते.

आता बाजाराच्या प्रेमाची अखेर पाहा. २ जून २०२३ रोजी या स्पर्धेचे दुसरे पर्व सुरू झाले. तो महिना संपण्याच्या आत कार्यक्रम बंद केल्याची आणि तो संग्रहातूनही काढून टाकणार असल्याची घोषणा झाली. पाश्चात्त्य जगात जून हा याच समुदायाच्या अभिमानाचा महिना म्हणून साजरा होतो, कंपन्यांची बोधचिन्हे सप्तरंगी होतात. आणि त्याच महिन्यात 'विश्वाच्या राणी'ला सिंहासनासह अडगळीत टाकण्यात आले. ऑस्ट्रेलियाचे ट्रेव्हर अ‍ॅशली त्या पर्वाचे विजेते ठरले. परंतु ज्या मांडवात मुकुट मिळाला तो मांडवच उचलला गेला. ताळेबंद जुळेना, म्हणून उदारता आटोपली! जे कलावंत मायदेशी 'आम्हाला जगाने स्वीकारले' असे सांगत परतले, त्यांनी ज्याला जग मानले ती एका कंपनीच्या खतावणीतील एक ओळ होती. समाजाने दिलेला आधार आणि बाजाराने दिलेला आधार यांतील अंतर याहून स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु समाजाने तो आधार खरोखर दिला आहे काय? येथे बोट आपल्याकडेही वळवावे लागेल. बालगंधर्वांना डोक्यावर घेणाऱ्या याच महाराष्ट्राने तमाशातील नाच्याची टवाळी केली. गणपत पाटलांसारख्या समर्थ नटाला त्या एका भूमिकेपायी आयुष्यभर उपहास सोसावा लागला. आनंद यादवांच्या 'नटरंग'ने तीच वेदना मांडली. शिष्टांच्या रंगमंचावर गंधर्व आणि फडावर मात्र चेष्टेचा विषय, हा दुटप्पीपणा आपलाच आहे. त्याचे खापर इंग्रजांवर फोडता येणार नाही. आणि लक्षात घ्या, आपल्या घरात, शाळेत, शाखेच्या मैदानावर ज्याची थट्टा होते, तो मुलगा शेवटी जेथे टाळ्या मिळतील तेथेच जातो. आपण ज्याला दार बंद करतो, त्याला बाजार गालिचा अंथरतो. मग 'परकीय संस्कृतीने मुले बिघडविली' असा आक्रोश करण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय?

सरसंघचालक डॉ. मोहनजी भागवत यांनी जानेवारी २०२३ मध्ये 'पांचजन्य' आणि 'ऑर्गनायझर' यांना दिलेल्या मुलाखतीत हा विषय निःसंदिग्धपणे मांडला आहे. अशी माणसे समाजात पूर्वीपासून आहेत, त्यांनाही जगण्याचा अधिकार आहे, आणि आपल्या समाजाने गाजावाजा न करता त्यांना सामावून घेतले आहे, असा त्यांचा आशय होता. 'गाजावाजा न करता' हाच हिंदू मार्गाचा विशेष आहे. त्याला मंच, मुकुट आणि प्रायोजक लागत नाही. लागते ते कुटुंबातील ताट आणि समाजातील स्थान.

म्हणून या प्रकाराला विरोध करायचा तो पडद्यासमोर नाक मुरडून नव्हे. आपल्या मुलांना 'ड्रॅग' हा शब्द ठाऊक आहे. 'स्त्री-पार्ट' हा शब्द ठाऊक आहे काय? त्यांनी बालगंधर्वांची एखादी ध्वनिमुद्रिका ऐकली आहे काय? आपल्या गावाच्या उत्सवात हजारो रुपयांच्या ध्वनिवर्धकांवर चित्रपटगीते वाजतात. त्याच वर्गणीतून दशावतारी मंडळाला एक रात्र देता येणार नाही काय? महाविद्यालयात, संस्कार वर्गात, गणेशोत्सवात संगीत नाटकाचा एक प्रवेश बसविणे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे नाही. आणि वस्तीत, नात्यात, मैदानावर जर एखादा वेगळ्या चालीचा, वेगळ्या गळ्याचा मुलगा असेल, तर त्याची चेष्टा करणाऱ्याला तेथल्या तेथे थांबविणे, हेही संस्कृतिरक्षणाचेच काम आहे.

वारसा हा सांभाळणाऱ्याचा असतो. आपण तो अडगळीत टाकला, तर उद्या तोच परदेशी वेष्टनात गुंडाळून, वर्गणीचे शुल्क आकारून, 'पाहा, आम्ही तुम्हाला काय शिकविले' असे म्हणत आपल्याच दिवाणखान्यात येईल. विराटाच्या नृत्यशाळेपासून गंधर्व नाटक मंडळीपर्यंत ज्यांच्याकडे हे धन आहे, त्यांनी ते परक्याच्या दुकानातून उधारीवर आणावे, ही नामुष्की टाळणे पूर्णतः आपल्याच हाती आहे.