जुनें नाणें घासूं नये

तांब्यापितळेचीं भांडीं चिंचेनें लखलखीत करण्याची आपल्या घरांतील रीत स्तुत्य खरी. परंतु भूमींत सांपडलेल्या जुन्या नाण्यावर तिचा प्रयोग होऊं नये, अशी आमची गृहिणींस विनंती आहे.

रोमक सम्राट् कॉन्स्टंटाइन याच्या वेळचें कांशाचें नाणेंच घ्या. आंगठ्याच्या नखाएवढा तो तुकडा. एका बाजूस सम्राटाचें मस्तक, दुसरीवर, इ. स. ३३० पासूनच्या एका सुप्रसिद्ध प्रकारांत, दोन भालाईत शिपाई व मध्यें ध्वज. त्यांच्या पायांखालीं बारीक अक्षरांची ओळ असते, ती टांकसाळीची. नाणें अँटिओकचें कीं अलेक्झांड्रियाचें, तें तिच्यावरूनच कळावयाचें. आणि घासतांना बुजते तीही तीच.

मदुरा, करूर व सिंहलद्वीप येथें अशीं उत्तरकालीन रोमक नाणीं विपुल निघालीं आहेत. सोनें कोठेंही वजनानें खपतें. पण परक्या राजाच्या कांशाला परदेशीं मोल तें काय? तथापि सिंहलांत त्यांच्या नकलाही झाल्या, आणि नक्कल होते ती चालत्या नाण्याचीच. तेव्हां तेथील बाजारांत तें सुटा पैसा म्हणून फिरत असलें पाहिजे.

आतां आपलें उत्तर कोंकण. त्यापूर्वीं सुमारें दोनशें वर्षें, क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें ज्या नद्यांवर नावेचा उतार फुकट केला, त्यांत नाशिकच्या लेण्यांतील लेख दमणेबरोबर दाहनुकेचेंही नांव घेतो. ती आपली डहाणूचीच नदी. तेव्हां डहाणूच्या रेतींत किंवा तलासरीच्या नांगरटींत रोमक नाणें निघालें तर हंसण्यावारी नेऊं नये. तसाच लगेच रोमक गलबतांचा पोवाडाही गाऊं नये. हल्लीं अशीं नाणीं शौकिनांच्या बाजारांत स्वस्त मिळतात, व तें परवांच कोणाच्या खिशांतून पडलेलें असणेंही शक्य आहे. निर्णय होतो तो जागेवरून: किती खोल, कोणत्या खापऱ्यांच्या संगतींत.

१९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभीस १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं एकत्र हातीं आलीं, म्हणूनच नहपानाच्या नाण्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारल्याचें दिसून आलें. सोनाराच्या मुशींत तीं गेलीं असतीं तर नुसती चांदी उरती.

यास्तव नाणें मातीसकट कोरड्या कागदांत ठेवावें. जागा, खोली व दिवस टिपून घ्यावा. १८७८ च्या भूमिगत निधीच्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी कलेक्टरांस लेखी कळविणें बंधनकारक आहे. आणि २०१४ सालीं पालघर जिल्हा निराळा झाल्यापासून त्यासाठीं ठाण्यापर्यंत जाण्याची सबबही उरलेली नाहीं.