सुधाकराचे वकील

व्यसनी, दुर्बल नायकाची मालिका दूरदर्शनसंचावर लागली की आमच्या कळमनुरीतील सुशिक्षित घरांतून हटकून एक निवाडा ऐकू येतो : ‘माणूस मुळात चांगला, संगतीने बिघडला.’ गडकऱ्यांच्या ‘एकच प्याल्या’चा विषय निघाला की हेच. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले; गणपतराव बोडसांचा सुधाकर व बालगंधर्वांची सिंधू महाराष्ट्राने पाहिली; पण सारे पाप आजही तळीरामाच्याच माथी!

आम्हांस ही शुद्ध पळवाट वाटते. तळीराम पेला पुढे करतो खरा. परंतु वकिलीची सनद काही काळ हिरावली गेल्याने दुखावलेला जो अहंकार तो पेला ओठांस लावतो, तो सुधाकराचा स्वतःचा. गडकऱ्यांनी हे लपविलेले नाही. उलट, आर्यमदिरामंडळाच्या बैठकीत त्यांनी आपणांस पोट धरून हसावयास लावले, आणि ज्या दारूवर आपण हसलो तिनेच पुढे सिंधूचा व तिच्या तान्ह्याचा बळी घेतलेला दाखविला. हसताना आपणही त्या मंडळाचे सभासद झालो होतो (तेही वर्गणी न भरता!), हे कबूल करण्यापेक्षा तळीरामास शिव्या देणे सोपे. ‘असला नायक आम्हांस मुळीच आवडत नाही’ असे वर बजावणाऱ्यांस आमचे विचारणे इतकेच, की मग त्याची वकिली करावयास आपण इतक्या तातडीने का धावता?