घडी न मोडलेली वस्त्रे

वैशाखाचे ऊन तापले की ट्रंकेतील कपडे अंगणात आणून बाजेवर पसरण्याची रीत अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक घरांत होती. ठेवणीतली लुगडी, शाली, थोरल्यांचे फेटे आणि लेकरांच्या कुंच्या यांना ऊन दाखविले जाई आणि कडुनिंबाचा पाला घालून त्यांच्या पुन्हा घड्या होत. कसर आणि दमटपणा यांपासून कापड वाचविणे हा त्यामागचा उघड हेतू. परंतु त्यातून आणखी एक काम नकळत साधे. घरात काय आहे, काय विरले, कशाला दंड घालावा लागेल आणि कशाची आता गोधडीच करणे बरे, याची वर्षातून एकदा मोजदाद होई. आज ट्रंकेची जागा भिंतभर कपाटाने घेतली आणि ही मोजदाद बंद पडली. दार उघडताच कपडे अंगावर कोसळतात; तरीही लग्नाला निघताना 'नेसायला काही नाही' ही तक्रार कायम असते.

या पसाऱ्यावरील जो उपाय सध्या शहरी मध्यमवर्गात सांगितला जातो, त्याचे नाव 'कॅप्सूल वॉर्डरोब'. मोजके, टिकाऊ आणि एकमेकांशी जुळणारे कपडे ठेवावेत, ऋतू पालटला की त्यांतील थोडे बदलावेत आणि बाकीच्यांना रजा द्यावी, एवढेच त्याचे सार. १९७० च्या दशकात लंडनमधील एका कापडदुकानाच्या मालकिणीने ही कल्पना रूढ केली आणि १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये डोना कॅरन यांनी सात जुळत्या वस्त्रांचा संच बाजारात आणून तिला कीर्ती मिळवून दिली. कल्पना चांगली आहे. मात्र तिचा प्रवास दुकानातून सुरू झाला, हे विसरता कामा नये. साधेपणा हाही विक्रीचा माल होऊ शकतो. जुने शंभर कपडे टाकून नवे तीस विकत घेणे याला कोणी त्याग म्हणत असेल, तर त्याच्या कपाटातला पसारा फक्त दुसऱ्याच्या दारात गेला आहे.

ऋतूंचा विचार करावयाचा तर तोही परक्या पंचांगाने करून चालणार नाही. तिकडचे चार ऋतू येथे नाहीत. येथे पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा. आणि तेही एकाच जिल्ह्यात सारखे नाहीत. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर, रतनवाडीच्या बाजूला पावसाचे प्रमाण हजारो मिलिमीटरमध्ये मोजावे लागते. तेथे दोन दिवस कपडा वाळत नाही, आणि लवकर सुकणाऱ्या कृत्रिम धाग्याला नावे ठेवणे हा शहाणपणा ठरत नाही. त्याच जिल्ह्यातील कर्जत, जामखेड, पारनेर मात्र पर्जन्यछायेत येतात. तेथील उन्हाळ्यात पॉलिएस्टरचा सदरा अंगाला चिकटतो आणि विरलेले सुती धोतर सुखाचे वाटते. म्हणून किती कपडे ठेवावेत याचा एकच आकडा सर्वांना सांगता येणार नाही. हा हिशेब ज्याचा त्याने आपल्या शिवारातील हवा पाहून मांडावयाचा आहे.

हा हिशेब मांडण्यात येथील माणूस कधीच कमी नव्हता. माळरानावर मेंढरे राखणाऱ्या धनगराची घोंगडी हे त्याचे उत्तम उदाहरण. पावसात तिची खोळ होते, थंडीत ती पांघरूण बनते, दुपारी झाडाखाली अंथरली की बैठक आणि रात्री अंथरूण. एक वस्त्र तिन्ही ऋतू सांभाळते आणि वर्षानुवर्षे टिकते. कोणत्याही दुकानाने विकलेला 'संच' याहून अधिक काय साधणार?

तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर घर बंद करून कारखान्यांच्या फडांवर जातात. भांडीकुंडी, पोरेबाळे आणि सहा महिन्यांचे कपडे हे सारे एका गाडीवर मावते. त्या गाठोड्यातही मोजकेच कपडे असतात. परंतु तो साधेपणा नव्हे, ती नड आहे. फडावर पाचटाने फाटलेले आणि चिकाने मळलेले लुगडे धुऊन वाळेपर्यंत नेसायला दुसरे नसणे यात कसलेही सौंदर्य नाही. एक अंगावर आणि एक दांडीवर अशा स्थितीत पिढ्यान् पिढ्या काढलेल्या माणसाने हाती पैसा आल्यावर चार कपडे हौसेने घेतले, तर त्याला संयमाचा उपदेश करण्याचा अधिकार भरल्या कपाटाच्या धन्याला पोहोचत नाही. कमी ठेवण्याचा प्रश्न ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांचाच आहे.

आणि हे 'जास्त' येते कोठून? सर्वच दोष हौसेला देता येणार नाही. मोबाइलवर बोट ठेवताच दाराशी येणारे पार्सल हे एक कारण खरे. परंतु जिल्ह्यातील पुष्कळशा कपाटांचा मोठा हिस्सा न मागता आलेला असतो. लग्नातील मानपानाच्या साड्या, ओटीत पडलेली ब्लाऊजपिसे, सत्कारातील शाली, पाहुण्यांचे टॉवेल-टोपी यांनी खण भरतात. देणाऱ्याने ते स्वतःसाठी निवडले नसते आणि घेणारा ते वापरीत नाही. मग तीच साडी पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी जाते आणि घडी न मोडता सोयऱ्यांच्या गावांना प्रदक्षिणा घालते. या देवघेवीत कापड निमित्तमात्र. राखायचा असतो तो मान. परंतु मान राखण्याचे हे साधन आता इतके स्वस्त आणि हलके झाले आहे की त्यात मानही उरलेला नाही. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ अनेक पत्रिकांवर छापली जाते. ती यजमानांनी मनापासून पाळली आणि स्वतःही आहेर वाटण्याचे थांबविले, तर कपाट आवरण्याचे निम्मे काम मांडवातच होईल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. सर्वांनी कापड कमी घेतले तर नगरच्या कापडबाजारातील दुकानदाराने, त्याच्या नोकराने आणि शिंप्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर याच शहराच्या इतिहासात आहे. नगरात पद्मशाली विणकरांच्या मागांवर लुगडी विणली जात. हे माग लोकांनी कपडे कमी केले म्हणून थांबले नाहीत. गिरण्यांच्या आणि यंत्रमागांच्या स्वस्त कापडापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. अनेक विणकर घरांतील बायकांच्या हाती मग विड्या वळण्याचे सूप आले. स्वस्त आणि भरमसाट कापडाने कारागीर जगत नाही. जो वर्षाला दोनच वस्त्रे पण चांगल्या विणीची घेतो, मापाने शिवून घेतो, उसवले तर दुरुस्त करतो, तोच विणकराचा आणि शिंप्याचा खरा गिऱ्हाईक.

२०२४ साली जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले, त्या अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडीचा. त्यांच्या अंगावर साधे पांढरे वस्त्र असे. ते त्या काळच्या वैधव्याच्या रूढीचे लक्षण होते, हे खरे. परंतु त्याच बाईंनी महेश्वरला विणकर वसविले आणि महेश्वरी साडीला आश्रय दिला. स्वतः साधे राहणे आणि उत्तम कापडाची कदर करणे यांत विरोध नाही, याचा याहून बोलका दाखला शोधावा लागणार नाही.

शिवाय या जिल्ह्याला हा विषय पाण्याच्या अंगानेही टाळता येणार नाही. एक सुती सदरा तयार होण्यामागे, कापसाच्या रोपापासून मोजल्यास, सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा अंदाज जगभर मांडला जातो. ज्या तालुक्यांनी १९७२ चा दुष्काळ सोसला आणि त्यानंतरही कित्येक उन्हाळे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून काढले, त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. शेवगावच्या काळ्या रानातील कापूस असो की परमुलखातील, घडी न मोडता पडून राहिलेला प्रत्येक कपडा म्हणजे कोणाच्या तरी विहिरीतून उपसून वाया गेलेले पाणी आहे.

राहिला प्रश्न काढलेल्या कपड्यांचा. पूर्वी सुती लुगडे फाटले की त्याची गोधडी होई, गोधडी जीर्ण झाली की पोतेरे, आणि पोतेरे अखेर मातीला मिळे. बोहारीण कापड चाचपून, घासाघीस करून त्याच्या बदली भांडे देई. कृत्रिम धाग्याला असा सन्मानाचा शेवट नाही. तो कुजत नाही आणि घाम टिपत नाही म्हणून गोधडीतही सुखाचा होत नाही. अशा कपड्यांचे गाठोडे 'गरिबांना' देऊन मोकळे होण्याची पद्धत मनाला बरे वाटावे यासाठी असते. स्वतः घालवणार नाही असा कपडा दुसऱ्याला देऊ नये, एवढी किमान मर्यादा दानाला असली पाहिजे.

म्हणून कपाट आवरण्याची कसोटी अगदी सोपी ठेवता येईल. एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा सरला तरी ज्याची घडी मोडली नाही, तो कपडा आपला नव्हे. तो धडका असतानाच ज्याला हवा त्याच्या हाती द्यावा आणि त्याच्या जागी नवा आणू नये. यातील उत्तरार्धच कठीण आहे. कपाट रिकामे करणे हे एका रविवारचे काम. ते रिकामे राखणे हे दुकानाच्या पायरीवर, लग्नाच्या याद्यांत आणि मोबाइलच्या पडद्यावर रोज करावयाचे काम आहे. वैशाखातील उन्हात बाजेवर कपडे पसरणाऱ्या आजीला कोणत्याही नव्या शब्दाची गरज पडली नव्हती. आपल्याजवळ काय आहे हे तिला ठाऊक होते, आणि म्हणून काय नको हेही.